ब्रेकनळ्यांचे गंजणे
ब्रेकनळ्यांचे गंजणे हा जुन्या मोटारगाड्यांमध्ये आढळणारा एक धोकादायक दोष आहे. ब्रेकचे पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब ज्या पोलादी नळ्यांतून चाकांकडे जातो, त्यांची भिंत गंजामुळे पातळ होत जाते व अखेर नळी फुटते. जोराने ब्रेक लावताना नळीतील दाब सर्वाधिक असतो. त्यामुळे कमकुवत झालेली नळी नेमकी आणीबाणीच्या प्रसंगी फुटण्याची शक्यता अधिक असते. गॅरेजच्या बोलीत या नळ्यांना 'ब्रेक पाइप' म्हणतात.

रचना
मोटारीच्या ब्रेकनळीचा बाह्य व्यास साधारणतः ४.७५ मिलिमीटर व भिंतीची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर असते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून व ते वेढे भट्टीत सांधून ही नळी तयार करतात. बाहेरून जस्ताचा किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. नळ्या गाडीच्या तळाशी क्लिपांनी बसवलेल्या असतात. हलणाऱ्या चाकांजवळ त्यांना लवचीक रबरी नळ्या जोडतात.

कारणे
लेप खरवडला गेला की पोलाद उघडे पडते. क्लिपांखाली चिखल व ओल साचून राहत असल्याने गंजाची सुरुवात बहुधा तेथेच होते. थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ, तसेच कोकणासारख्या किनारपट्टीवरील खारी हवा यांमुळे ही क्रिया वेगाने घडते. डॉट ३ व डॉट ४ प्रकारची ब्रेक ऑइले हवेतील आर्द्रता शोषून घेतात. ती वेळेवर न बदलल्यास नळी आतूनही गंजू शकते.

लक्षणे
ब्रेक ऑइलची पातळी वारंवार कमी होणे, पेडल खोल जाणे, डॅशबोर्डवरील ब्रेकचा दिवा लागणे व नळीवर ओलसर डाग दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. मात्र पूर्वसूचना न देताही नळी फुटू शकते. आधुनिक मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र परिपथ असतात. त्यामुळे एक निकामी झाला तरी दुसऱ्याच्या साहाय्याने गाडी थांबते. पण त्यासाठी पुष्कळ अधिक अंतर लागते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेणे सुरक्षित नसते.

दुरुस्ती
केवळ गळणारा तुकडा कापून नवा जोडल्यास जोडाशेजारची जुनी नळी तितकीच गंजलेली राहते व पुढची गळती तेथे होऊ शकते. म्हणून एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतची संपूर्ण नळी बदलणे श्रेयस्कर मानले जाते. रबरी नळी क्लिपने आवळून गळती थांबवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण ब्रेकमधील दाब ७० बारपेक्षाही अधिक होऊ शकतो.

नवी नळी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची असते. हा मिश्रधातू गंजत नाही व सहज वाकवता येतो. शुद्ध तांब्याची नळी कंपनांमुळे कडक होऊन तडकू शकते. पोलादी नळीचे टोक दुहेरी दुमडून फाकवतात. त्याचा आकार मूळ जोडाशी तंतोतंत जुळावा लागतो. गंजलेले नट सोडवताना त्यांच्या कडा झिजू नयेत म्हणून विशिष्ट पाना वापरतात. शेवटी प्रत्येक चाकाजवळून हवा काढून, पेडल दाबून धरून सर्व जोड तपासतात.

तपासणी व प्रतिबंध
जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ या काळातील काही गाड्यांच्या ब्रेकनळ्यांबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी केली होती. गाड्या परत मागवण्याचा आदेश न देता ती २०१५ मध्ये बंद करण्यात आली. मात्र वाहनधारकांनी गाडीचा तळ धुवावा व नळ्यांची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला प्रशासनाने दिला. ग्रेट ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारींच्या वार्षिक तपासणीत ब्रेकनळ्याही पाहिल्या जातात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व पुढील नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. दोन नूतनीकरणांमधील हा काळ खाऱ्या हवेत वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी दीर्घ ठरतो. त्यामुळे दरम्यान गाडी उचलून नळ्या क्लिपांजवळ तपासून घेणे आवश्यक असते.