जिन्याची आतली बाजू

‘जिना’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि ‘पायरी’ आपल्याच पायातून निघाली. दोघांचा संसार इतका जुना, की त्यातले माहेरचे कोण नि सासरचे कोण, हे आता कुणी विचारीत नाही.

मला हे सुचायचे कारण घरचेच. सोलापुरातले आमचे जुने घर उतरवून नवे बांधायचे ठरले. धाकट्या मुलाने संगणकावर नकाशा केला आणि मधोमध गोल जिना काढला. २००० साली स्केचअप आले, तशी आणखीही सॉफ्टवेअरे आली, आणि अशी चित्रे घरबसल्या काढता येऊ लागली. माऊस फिरवला की जिना डौलात वळतो. मी पडलो कवी, लगेच भाळलो. अम्मीने चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, “अंदर के बाजू पाँव कां रखना रे?”

हा प्रश्न पडला आणि मला विजापूर आठवले. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. २०१४ पासून कागदोपत्री विजयपुरा. चाँदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आदिलशहाला आंदण गेला होता, तेव्हा नाते तसे सोयरिकीचेच. तिथला उपली बुरूज १५८४च्या सुमारास हैदरखानाने बांधला. उंची सुमारे ऐंशी फूट, माथ्यावर लांबलचक तोफा. त्याचा जिना पोटात नाही. बाहेरून अंगाला वेटोळे घालीत वर जातो. घेर मोठा, म्हणून पायरीच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांत फरक थोडा. मला कडेवर घेऊन अम्मी तो चढली होती.

गोलघुमटाची तऱ्हा वेगळी. महंमद आदिलशहाच्या (मृत्यू १६५६) या कबरीच्या चार कोपऱ्यांना सातमजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि जिने त्यांच्या पोटातून वळत जातात. घेर असा आवळला की पायरी पाचरीसारखी होते. त्याच शतकात फ्रान्समध्ये ब्लाँदेल नावाच्या वास्तुतज्ज्ञाने हिशेब मांडला: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी, मिळून माणसाचे एक पाऊल व्हावे, म्हणजे साधारण दोन फूट.

तो हिशेब आम्ही मुलाच्या चित्राला लावला. मजला दहा फूट, चढ अठरा, म्हणजे प्रत्येकी पावणेसात इंचांच्या आत. तीन फुटी जिन्याच्या मध्यावर पायरी अकरा इंच, बाहेर साडेसोळा आणि आत, खांबापाशी, फक्त साडेपाच! अम्मीची चप्पलसुद्धा तिथे मावत नाही. मुलाने आतली बाजू आठ इंच केली, तर जिना पसरून जवळजवळ अर्धवर्तुळ झाला: सात फूट बाय चौदा. बैठकीची खोलीच गिळली. आदिलशहाला मैदान होते, आमचा प्लॉट तेवढाच.

“दादीची खोली खालीच ठेवू,” मुलगा म्हणाला. त्याच्या मनात काळजीच होती.

अम्मी जरा वेळ गप्प राहिली. “फिर गच्चीपो सांडगे कोन डालेगा?”

मग गोल जिना पुसला. सरळ दोन टप्पे घेतले, दोन्ही बाजूंना कठडा. मधला चौक अम्मीने एक फूट वाढवून घेतला. तिथे तिचा मोडा बसायला हवा.