खानदेशचं गवत आणि जगाचा गुलाब

मागच्या पिढीतल्या पुरुषांच्या अत्तराची एक रीत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. लग्नाला निघायचं तर कापसाचा छोटा फाया अत्तरात बुडवायचा, मनगटाला टेकवायचा आणि कानाच्या वरच्या खाचेत ठेवून द्यायचा. वास लांबून येत नसे. गळाभेट घेणाऱ्यालाच तो कळायचा. आज प्रश्न असा, की त्या स्वस्त ‘गुलाबा’त गुलाब किती होता?

पुष्कळदा फारच थोडा. त्यात असायचं रोशा गवताचं तेल. आज आपण कोरीटला जमलो आहोत, आणि हा नंदुरबारचा मुलूख म्हणजे या तेलाचं जुनं घर. १८८० साली निघालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येतं, तेव्हा ते कापायचं. भट्टी लावायची ती ओढ्याकाठी, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं. कढईत गवत आणि पाणी, वर घट्ट झाकण, बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. वर तेल तरंगतं, ते निथळून घ्यायचं. या गवताच्या दोन जाती: मोतिया आणि सोफिया. गुलाबाच्या जवळ जाणारं तेल मोतियाचं.

पुढचा प्रवास ऐका. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं. तिथले व्यापारी त्यात लिंबाच्या रसाचं पाणी घुसळून ते उन्हात ठेवत, म्हणजे त्याचा उग्रपणा जाई. मग ते बल्गेरियातल्या महागड्या गुलाबतेलात मिसळलं जाई. काही जण तर भट्टीत घालण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडत. बाजारात त्याला नाव पडलं ‘तुर्की जिरेनियम’. ते ना तुर्की, ना जिरेनियम! १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन यांनी याच तेलातून त्याचा मुख्य सुगंधी घटक वेगळा केला आणि त्याला म्हटलं ‘जिरॅनिऑल’. खऱ्या गुलाबातही तो असतो, म्हणून तर भेसळ पकडणं अवघड. म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकातही आपल्या गवताला दुसऱ्याच झाडाचं नाव चिकटलं.

त्याच काळात पॅरिसमध्ये, १८८२ साली, हूबिगां या घराण्याचं ‘फूजेर रोयाल’ आलं. वाळत्या गवताची आठवण देणारा कूमारिन हा त्याचा कणा. पुढे पुरुषांच्या सुगंधांचं एक अख्खं कुळ त्यावरून ओळखलं जाऊ लागलं. तिकडे गवताचा वास ही सभ्य पुरुषाची ओळख ठरली. आपल्याकडे मात्र गवताचा वास ‘गुलाब’ म्हणवून घेतल्याशिवाय विकला जात नव्हता.

भेसळ ती भेसळच. तिचं समर्थन आम्ही करत नाही. पण फसवणूक लेबलात होती, तेलात नव्हती. गवत कापणाऱ्याला आणि भट्टी राखणाऱ्याला त्या लेबलात जागा नव्हती.

म्हणून जुनं अत्तर हाती आलं तर घाई करू नका. फाया लावा, चोळू नका. आधी लिंबासारखी तरतरी येईल, मग हिरवं गवत, आणि थोड्या वेळानं गुलाब. त्याला ‘नकली गुलाब’ म्हणून बाजूला सारू नका. त्याचं नाव घ्या: रोशा.