कंधार : पायी वाचावयाची राजधानी

राजधान्यांचा इतिहास आपण बहुधा सिंहासनावरून वाचतो. कोण गादीवर आला, कोणी कोणाचा पराभव केला, सीमा कोठवर पोहोचली, याची जंत्री शाळेत पाठ होते आणि परीक्षा संपताच विसरली जाते. शहर मात्र पायांनीच कळते. चढ कोठे लागतो, उतार कोठे वळतो, पाणी कोठे साचते आणि वस्ती त्या पाण्याला कशी बिलगून राहते, हे बसच्या खिडकीतून दिसत नाही. आपल्या मराठवाड्यात अशी पायी वाचावयाची एक राजधानी आहे. नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले कंधार ते हेच. आज ते तालुक्याचे गाव म्हणून आपणांस ठाऊक आहे. एके काळी राजाच्या बिरुदात त्याचे नाव होते.

या कथेचा आरंभ मात्र लातुरात होतो. आठव्या शतकाच्या मध्यापासून इ. स. ९७३ पर्यंत दख्खनवर राज्य करणारे राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजेच लातूर, असे इतिहासकार मानतात. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळचे. इ. स. ८५१ च्या एका अरबी प्रवासवृत्तात जगातील चार थोर राजे सांगितले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आणि ‘बल्हरा’. हा बल्हरा म्हणजे आपला राष्ट्रकूट राजा. त्यांची मुख्य राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. परंतु तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) हा ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणूनही ओळखला जातो. मूळ गावाचा मान लातूरला होता, तर वैभवाच्या काळातील नगराचा मान कंधारला मिळाला.

त्या नगरात हिंडावयाचे तर वाटाड्या कोण? कंधारला सापडलेला तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख हाच उत्तम वाटाड्या होय. बहुतेक राजलेख विजयांच्या वर्णनाने भरलेले असतात. या लेखात मात्र नगर दिसते. त्यात बाजाराच्या जागा आहेत, लोकांनी एकत्र जमण्याची ठिकाणे आहेत, देवळे आहेत आणि त्यांना दिलेल्या दानांची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या गृहस्थाने आपल्याला हाताशी धरून पेठेतून फिरवावे, तसा हा लेख वाचकाला फिरवतो. त्यात एक नाव असे आहे की, ज्याच्यापाशी आजही पायी जाता येते. ते नाव ‘जगत्तुंग समुद्र’.

हा समुद्र म्हणजे विस्तीर्ण तलाव. ‘जगत्तुंग’ हे तिसऱ्या गोविंदाचे (इ. स. ७९३ ते ८१४) बिरुद, तिसऱ्या कृष्णाच्या आजोबांचेही नाव तेच. नकाशात तलाव हा केवळ निळा ठिपका असतो. त्याच्या काठाकाठाने चालू लागले म्हणजे त्यामागची बुद्धी उमगते. बालाघाटच्या डोंगररांगा या तालुक्यातून गेल्या आहेत आणि मन्याड नदी या प्रदेशातून वाहते. उतारावरून धावत येणारे पाणी दगडमातीच्या बांधाने थोपवावयाचे आणि त्याच्या आधाराने नगर वसवावयाचे, अशी ही योजना. समुद्रापासून शेकडो मैल दूर, पर्जन्य बेभरवशाचे असलेल्या मुलखात एका तळ्याला ‘समुद्र’ म्हणावेसे वाटले, यातच त्या लोकांची तहान आणि कृतज्ञता दोन्ही आली.

याच परिसरात एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष सापडले आहेत. भग्न पाषाणखंड आहेत. पण त्यांच्या आकारावरून अखंड मूर्ती कित्येक पुरुष उंच असली पाहिजे. क्षेत्रपाल म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. आपले नगर कोणाच्या तरी नजरेखाली सुखरूप असावे, ही माणसाची इच्छा फार जुनी आणि सार्वत्रिक आहे. दक्षिण अमेरिकेत एक्वादोर देशाची राजधानी कीतो ही अशीच डोंगरांच्या कुशीत, चढउतारांच्या गल्ल्यांतून पसरलेली आहे. तेथील एल पानेसियो टेकडीवर पंख असलेल्या पवित्र मरियेचा प्रचंड पुतळा विसाव्या शतकात उभारला गेला. शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतून पायी जाणाऱ्याला मान वर केली की ती दिसते. श्रद्धा भिन्न, काळ भिन्न. पण डोक्यावर छत्र असावे ही भावना एकच.

तळ्याकडून किल्ल्याकडे आले म्हणजे काळाचे थर दिसू लागतात. हा भुईकोट किल्ला आहे. भोवती रुंद खंदक आणि दुहेरी तट. बांधणीचा आरंभ राष्ट्रकूटांकडे जातो. पुढे यादव, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम, अशा सत्तांच्या काळातून तो गेला. इ. स. १६३१ मध्ये शाहजहानच्या सैन्याने तो घेतला. अफगाणिस्तानातील कंदाहारही त्याच बादशहाच्या हाती १६३८ मध्ये आले आणि १६४९ मध्ये गेले. त्यामुळे मोगल इतिहास वाचताना कोणते कंधार, असा प्रश्न विद्यार्थ्याने नेहमी विचारावा. किल्ल्याच्या आत मशीद आहे आणि जुनी शिल्पेही आहेत. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. राजवटी एकमेकींना पुसत गेल्या. गावाने मात्र सर्वांचे काही ना काही जपून ठेवले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला आणि किल्ल्याचे राजकारण कायमचे संपले.

तलावाचे काम मात्र संपलेले नाही, आणि आमच्या मते येथेच या इतिहासाचा खरा धडा आहे. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळाच्या कहरात, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी सुमारे ३४० किलोमीटर वाहून आणले. ज्या लट्टलूरचे नाव राजांनी अभिमानाने मिरवले, त्यांच्याच वंशाने कंधारला ‘समुद्र’ बांधला. आणि त्याच लट्टलूरच्या लेकीसुना घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. पूर्वजांपाशी यंत्रे नव्हती, विजेचे पंप नव्हते. जमिनीचा उतार पायांनी ओळखण्याची सवय मात्र होती. आपण खोल खोल विहिरी खणत गेलो आणि उताराकडे पाहण्याचे विसरलो.

बिरुदे राजांबरोबर गेली. इ. स. ९७२ मध्ये परमारांनी मान्यखेट लुटले आणि वर्षभरात ते राज्यही बुडाले. उरले ते तहानलेल्यांसाठी अडवलेले पाणी. कोणत्याही राजधानीची, आणि कोणत्याही घराची, थोरवी मोजण्याचे हे माप आम्हांस फार विश्वासार्ह वाटते. म्हणून नांदेड आणि लातूरच्या धर्मग्रामांतील पालकांना आमची विनंती आहे : सुटीत मुलांना दूरची सहल घडवण्याआधी एकदा कंधारला न्यावे. गाडी गावाबाहेर ठेवावी. किल्ला पाहावा, बाजार पाहावा आणि मग तलावाच्या काठाने निवांत चालावे. पावसाचे पाणी कोणत्या टेकडीवरून येते आणि कोठे थांबते, हे मुलांनाच शोधू द्यावे. घरी परतल्यावर आपल्या गावचे पाणी कोठे जाते, असा प्रश्न त्यांनी विचारला, तर ती पायपीट सार्थकी लागली असे समजावे.