जिथं शिकलो, तिथंच

परवा रात्री भाच्याचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला. तो लॉस एंजेलिसजवळ राहतो. त्याचा मुलगा आता बेसबॉल खेळायला लागलाय, त्यामुळे आमच्या बोलण्यात हल्ली हवापाण्याच्या जागी बेसबॉल असतो. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. आमच्या हिरकणीवाडीत रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात येते, तिथं खुर्ची टाकून मी आपला "हो का, वा" म्हणत होतो. समोर काळाकुट्ट रायगड आणि खाली रोपवेच्या स्टेशनातला एखादा दिवा.

बोलता बोलता भाचा म्हणाला, "मामा, इथं एक कोच होऊन गेला. ज्या कॉलेजात शिकला, त्याच कॉलेजात पंचेचाळीस सीझन कोच होता!"

आता त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या जुन्या शाळेचे मुख्याध्यापक याच ओट्यावर चहा पिऊन गेले होते. "तुम्ही रिटायर होऊन गावीच आलायत. मुलांची कबड्डीची टीम बघा ना. मानधन काही देता येणार नाही.." मी "बघतो, कळवतो" म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. न कळवण्याचं कारण गुडघे नव्हते. ते कारण पुढे सांगतो.

फोन ठेवल्यावर झोप येईना, म्हणून त्या कोचबद्दल वाचत बसलो. नाव रॉड डेडो. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकला, तिथल्याच संघातून खेळला. १९३५ साली मोठ्या व्यावसायिक संघातून जेमतेम दोन सामने खेळला आणि तिथली कारकीर्द आटोपली. १९४२ मध्ये आपल्याच कॉलेजचा संघ हाती घेतला, तो १९८६ पर्यंत. या काळात अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद, त्यात १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर ही तिकडची बडी मंडळी त्याच्या हाताखालून गेली. आणि पगार? त्याचा स्वतःचा ट्रक वाहतुकीचा धंदा उत्तम चालायचा, म्हणून कॉलेजकडून नावापुरता वर्षाला एक डॉलर!

तिकडे आपण शिकलो त्या संस्थेला 'आल्मा मॅटर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ पोसणारी आई. आपल्याकडे 'मातृसंस्था' हा शब्द आहे, पण तो समारंभाच्या भाषणात जास्त आणि तोंडात कमी. मग मनात आलं, शब्द जाऊ दे, पण माणूस? ज्या अंगणात वाढला तिथंच परत येऊन दुसऱ्यांना वाढवत राहिलेला असा माणूस आपल्याकडे कोण?

कॉलेज आणि खेळ म्हटलं की आपल्याला पहिले खाशाबा जाधव आठवतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं ही गोष्टही आपण ऐकलेली असते. पण खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात गेले. कॉलेजनं पगारी कोच नेमायचा, त्यानं तिथंच हयात काढायची, ही रीत आपल्याकडे रुजलीच नव्हती. आपली रीत वेगळ्या ठिकाणी होती. तालमीत. तिथल्या कोचला वस्ताद म्हणतात.

आणि वस्ताद म्हटल्यावर मला थेट अलिबाग आठवलं.

१९७१ सालची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. नाव १९८१ मध्ये बदललं. त्या वर्षी महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या अलिबागला होत्या. मी आठ वर्षांचा. काका मला महाडहून एसटीनं घेऊन गेले. आम्ही कोकणातली माणसं कबड्डीवाली, भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरात डाव मांडणारी. कुस्ती हे घाटावरचं प्रकरण. पण काकांना नाद होता. मला आठवते ती हलगी, घामाचा आणि मातीचा वास, आणि काकांच्या खांद्यावरून दिसलेला माणसांचा समुद्र. गदा दादू चौगुल्यांनी नेली. १९७० ला पुण्यात जिंकलेली गदा त्यांनी अलिबागला राखली. परतताना एसटीत सगळे दादू, दादू करत होते. काका मात्र म्हणाले, "दादू कुणाचा पठ्ठ्या, ते बघ. आंदळकरांचा."

आठ वर्षांच्या पोराला त्याचं काय! पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. जन्म १९३५ चा. कुस्ती शिकायला म्हणून कोल्हापूरला मोतीबाग तालमीत आले. आता त्या काळाकडे जरा नीट बघायला हवं. कोल्हापूरच्या कुस्तीमागे राजाश्रय होता. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्या धर्तीवर त्यांनी खासबागेचं मैदान उभं केलं. ते १९१२ मध्ये खुलं झालं. पैलवानांच्या खुराकाची काळजी दरबार करायचा. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला. तालीम राहिली, माती राहिली, पहाटे उठून जोर-बैठका मारणारी खेड्यातली पोरं राहिली. पण दूध, तूप, बदाम कोण देणार? आंदळकरांची पिढी नेमकी या सांध्यावर वाढली.

तालीम म्हणजे काय, हे आमच्या कोकणी वाचकांना थोडं सांगतो. मधोमध तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं, म्हणजे ती मऊ राहते आणि खरचटलं तरी जखम चिघळत नाही. पोरं तिथंच राहतात, स्वतःची भाकरी स्वतः करतात. पहाटे अंधारात मेहनत, मग लढती. वस्ताद काठावर. कुणाला कुणाशी जोडायचं, कुणाचा पट कच्चा आहे, कोण चांगल्या कुस्तीच्या लायकीचा झाला आणि कोण अजून नाही, हे तो ठरवतो. पगारपत्रक नाही, करार नाही. मुलानं नाव काढलं की ते तालमीचं.

या मोतीबागेतून आंदळकर वर आले. १९६० साली हिंद केसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी दोन पदकं आणली, दोन्ही सर्वांत वरच्या वजनगटात. फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायला बंदी. म्हणजे पट काढणं नाही, पायाला पाय घालून पाडणं नाही. मातीतल्या आपल्या पैलवानाचे निम्मे डाव बाहेरच काढून ठेवायचे आणि उरलेल्यावर मॅटवर लढायचं. अशा प्रकारात सुवर्ण! १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकला गेले.

इथं मी वाचता वाचता थांबलोच. कारण त्याच टोकियोत, त्याच ऑक्टोबरात, रॉड डेडोसुद्धा होता! ऑलिंपिकच्या निमित्तानं बेसबॉलचा एक प्रात्यक्षिक सामना झाला, त्यासाठी अमेरिकन कॉलेजातल्या खेळाडूंचा संघ घेऊन तोच गेला होता. एक पुनवतचा पैलवान आणि एक लॉस एंजेलिसचा कोच, एका शहरात. एकमेकांची ओळख असण्याचं काहीच कारण नाही. पण दोघंही तिथून परतले ते आपापल्या अंगणात.

आंदळकर मोतीबागेचे वस्ताद झाले. हिंद केसरी, आशियाई सुवर्ण, अर्जुन, एवढं गाठीला असलेला माणूस पुन्हा त्याच हौद्याच्या काठावर उभा राहिला, जिथं तो पोरवयात लंगोट लावून उतरला होता. वाडीतल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय, त्याला दुसरं काय येत होतं?" असं म्हणणं सोपं आहे. पण विचार करा. राजा नसताना तालीम कशावर टिकते? इमारतीवर नाही. तांबड्या मातीवरही नाही. एखाद्या खेड्यातला बाप आपलं पोर आणून सोडतो, तो तिथं कुणीतरी असतं म्हणून. जकार्त्याचं सुवर्ण त्या हौद्यावर रोज पहाटे उभं राहायचं, हेच त्या बापाला पुरेसं होतं. डेडोच्या पाठीशी श्रीमंत विद्यापीठ होतं आणि स्वतःचा धंदा होता. इथं विद्यापीठही वस्तादच आणि पुण्याईही त्याचीच.

त्यांच्या पठ्ठ्यांमध्ये दादू चौगुले सर्वांत गाजले. महाराष्ट्र केसरीनंतर १९७३ ला रुस्तुम-ए-हिंद आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. आणि गंमत बघा, दादूही मोतीबागेतच पोरांना शिकवायला उभे राहिले. त्यांचा मुलगा विनोद, तोही महाराष्ट्र केसरी झाला.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात गेले, वयाच्या ८३ व्या वर्षी. त्यानंतर चारच दिवसांनी केंद्र सरकारचे क्रीडा पुरस्कार जाहीर झाले आणि त्यात आयुष्यभराच्या कामगिरीचा ध्यानचंद पुरस्कार दादू चौगुल्यांना होता. २५ सप्टेंबरला राष्ट्रपती भवनात सोहळा झाला. वस्तादाला जाऊन जेमतेम नऊ दिवस! पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दादूही गेले.

हे वाचलं आणि मी मोबाइल पालथा घातला. कारण आता माझी गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आम्हाला शाळेत पीटीचे एक सर होते. ते त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. उत्तम चढाई करायचे. मुंबईच्या एका संघानं नोकरीसकट बोलावलं होतं, ते गेले नाहीत. आम्ही पोरं पाठीमागे त्यांना विहिरीतला बेडूक म्हणायचो. त्यांनीच मला पकड शिकवली. घोटा धरल्यावर सुटायचा नाही, याचं सगळं मर्म त्यांचं. त्या पकडीच्या जोरावर मला मुंबईत खेळाडू म्हणून नोकरी लागली. पुढे एकदा आमच्या संघानं मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा पेपरवाल्यासाठी एक माहितीचा फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता, 'प्रशिक्षक'. मी ऑफिसच्या कोचचं नाव लिहिलं. ते साहेब वरचे होते, बढती त्यांच्या हातात होती. गावच्या मास्तरचं नाव लिहून काय मिळणार होतं?

गणपतीला गावी आलो, तर सरांनी ते कात्रण कापून ठेवलेलं. माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "छापलंय चांगलं." बाकी एक शब्द नाही. नंतर मी ते दुरुस्त करीन, करीन म्हणत राहिलो. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुख्याध्यापकांना मी का कळवलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या मैदानावर त्या माणसानं जन्म काढला, तिथं शिट्टी गळ्यात घालून उभं राहायला मला तोंड नव्हतं.

आमच्या वाडीचं नाव जिच्यावरून पडलं, त्या हिरकणीची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घालायला गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून आली. येणारे पर्यटक रोपवेत बसून तो बुरूज बोटानं दाखवतात. मी लहानपणापासून ऐकतोय. पण परवा रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं, की त्यानंतर तिनं काय केलं असेल? दूध तर रोज निघतं. ती पुन्हा घागर घेऊन गड चढलीच असणार. कडा एका रात्रीचा, गड रोजचा. गोष्ट त्या एका रात्रीची होते, घर मात्र रोजच्या चढण्यावर चालतं.

पदक आणि वस्तादगिरीचंही तसंच असावं. आमच्या सरांनी तर कडा न उतरताच आयुष्यभर गड चढला.

असो. सकाळी मुख्याध्यापकांना फोन केला. "येतो" म्हटलं, "पण एक अट आहे." त्यांना वाटलं पैशाचं काहीतरी. म्हटलं, "स्पर्धेच्या फॉर्मवर प्रशिक्षकाचा रकाना असतो ना, त्यात आधी सरांचं नाव लिहायचं. खाली जागा उरली तर माझं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "अहो, पण ते तर.." मी म्हटलं, "ठाऊक आहे. तरीही."

सोमवारी सकाळी सातला पोरं येणार आहेत. मैदानावर फक्की मारायची आहे. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस. मापं सरांनी शिकवलेली आहेत, विसरलेलो नाही.