व्हाइट, चार्ल्स विल्बर्ट

(२ एप्रिल १९१८ – ३ ऑक्टोबर १९७९). अमेरिकन भित्तिचित्रकार, रेखाटनकार, मुद्राचित्रकार व कलाशिक्षक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जीवन आणि इतिहास हाच त्यांच्या चित्रांचा आयुष्यभराचा विषय राहिला. त्यांची पूर्ण झालेली भित्तिचित्रे मोजकीच आहेत. मात्र भिंतीसाठी आकृती कशी बांधावी, हे विशी-पंचविशीत त्यांनी जे आत्मसात केले, तेच पुढे कोळसा, कार्बन पेन्सिल व शाई यांच्या मोठ्या रेखाटनांत उतरले. म्हणून त्यांच्या कामाचे ‘भित्तिचित्रांचा काळ’ आणि ‘रेखाटनांचा काळ’ असे दोन तुकडे पाडणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

बालपण व शिक्षण

जन्म शिकागो शहराच्या दक्षिण भागात. आई मिसिसिपी राज्यातून उत्तरेकडे आलेली. ती घरकाम करून संसार चालवी. वडील रेल्वेवर व बांधकामांवर मजुरी करीत. ते मूळच्या क्रीक या आदिवासी जमातीतले असल्याचे चरित्रांत नमूद आहे. आई कामावर जाताना मुलाला सार्वजनिक ग्रंथालयात सोडून जाई. तेथून जवळच असलेले आर्ट इन्स्टिट्यूटचे संग्रहालय हे त्याचे दुसरे ठिकाण. सातव्या वर्षी आईने तैलरंगांची पेटी आणून दिली. रंग कसे वापरावेत, हे त्याने बागेत चित्रे काढायला आलेल्या विद्यार्थ्यांजवळ उभे राहून पाहून घेतले.

ग्रंथालयातच त्यांच्या हाती ॲलन लॉक यांनी संपादित केलेला द न्यू निग्रो (१९२५) हा संग्रह आला. कृष्णवर्णीय लेखक, कलावंत व विचारवंत यांची एवढी मोठी परंपरा आहे आणि शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तिचा मागमूस नाही, हे या मुलाच्या ध्यानात आले. त्यावरून शिक्षकांशी वाद झाले आणि शाळेतले मन उडाले. पुढच्या सर्व भित्तिचित्रांचे मूळ या वादात आहे. शालेय वयातच दोन कलाशाळांनी त्यांना शिष्यवृत्ती जाहीर केली. विद्यार्थी कृष्णवर्णीय आहे असे कळताच दोघींनीही ती मागे घेतली.

चौदाव्या वर्षापासून त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवून पैसे मिळवले. त्याच सुमारास ते आर्ट्स क्राफ्ट गिल्ड या स्थानिक कृष्णवर्णीय चित्रकारांच्या मंडळात जाऊ लागले. जॉर्ज नील हे तेथील शिक्षक. मंडळाची पद्धत अशी, की सभासदांनी घरगुती मेजवान्या भरवून पैसे जमवायचे, त्यातून एकाला आर्ट इन्स्टिट्यूटच्या वर्गाला पाठवायचे आणि त्याने परत येऊन तेथे शिकलेले सगळ्यांना शिकवायचे. व्हाइट यांच्या शिक्षणाचा हा पाया औपचारिक शिक्षणाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. विद्या एकट्याने ठेवून घ्यायची नसते, ही त्यांची पुढची अध्यापनातली धारणा येथूनच आली असावी. १९३७ मध्ये त्यांना स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. शिकत असताना उदरनिर्वाहासाठी त्यांनी स्वयंपाक्याचेही काम केले.

भित्तिचित्रे

महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार कलावंतांना वेतनावर काम देणारी फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना आखली. तिच्या इलिनॉय शाखेत कृष्णवर्णीय चित्रकारांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या निदर्शनांत व्हाइट सहभागी होते. १९३८ मध्ये ते या योजनेत आले आणि भित्तिचित्र विभागात एडवर्ड मिलमन व मिचेल सिपोरिन यांच्या सहवासात काम करू लागले. दिएगो रिव्हेरा आदी मेक्सिकन चित्रकारांनी सार्वजनिक भिंतीवर इतिहास मांडण्याची जी रीत रूढ केली होती, तिचा या दोघांवर प्रभाव होता. स्वतः मेक्सिकोला जाण्याच्या कितीतरी आधी व्हाइट यांच्यापर्यंत ती पोचली ती अशी.

फाइव्ह ग्रेट अमेरिकन निग्रोज (१९३९) हे त्यांचे पहिले मोठे भित्तिचित्र कॅनव्हासवर तैलरंगांत केलेले असून त्याचा आकार सुमारे ५ × १३ फूट आहे. कोणत्या पाच व्यक्ती घ्यायच्या, हे शिकागो डिफेंडर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या वाचकांच्या कौलावरून ठरले : सोजर्नर ट्रूथ, बुकर टी. वॉशिंग्टन, फ्रेडरिक डग्लस, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर व गायिका मारियन अँडरसन. ट्रूथ यांच्यामागून लोकांची वळत जाणारी रांग, व्यासपीठावरचे वॉशिंग्टन, सूक्ष्मदर्शकापाशी कार्व्हर असे प्रसंग चौकटी न पाडता एकाच प्रवाहात गुंफले आहेत. रांगेतल्या अनाम माणसांना पाच थोरांइतकाच भार दिला आहे, हे या रचनेचे खरे वैशिष्ट्य. हे चित्र आता वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

१९४० मध्ये शिकागोत भरलेल्या अमेरिकन निग्रो एक्स्पोझिशन या प्रदर्शनासाठी त्यांनी अ हिस्टरी ऑफ द निग्रो प्रेस हे भित्तिचित्र केले. ते हरवले असून केवळ छायाचित्रांवरून माहीत आहे. त्याच प्रदर्शनात देअर वर नो क्रॉप्स धिस इयर या त्यांच्या पेन्सिल रेखाटनाला पहिले पारितोषिक मिळाले. रिकामे पोते धरलेले शेतकरी जोडपे हा त्याचा विषय. भित्तिचित्रकार म्हणून नाव होत असतानाच रेखाटनानेही त्यांना मान मिळवून दिला, याची नोंद बहुतेक लेखांत नुसती ओझरती येते. शिकागोतील एका शाखा ग्रंथालयासाठी आखलेले स्ट्रगल फॉर लिबरेशन (१९४०–४१) मात्र भिंतीवर कधी लागले नाही.

१९४१ मध्ये शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट यांच्याशी विवाह झाला. कॅटलेट न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात शिकवीत असल्याने व्हाइट प्रथमच दक्षिणेत राहिले. तेथे एका उपाहारगृहात शिरल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. १९४२ मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे मेक्सिकोला जाण्याचा त्यांचा बेत होता. युद्धकाळातील सैन्यभरती मंडळाने परवानगी नाकारली. त्याऐवजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये हॅरी स्टर्नबर्ग यांच्या हाताखाली मुद्राचित्रणाचा अभ्यास केला आणि नंतर दक्षिणेत हिंडून कष्टकऱ्यांची रेखाटने केली.

या फिरतीचे फळ म्हणजे व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये (आताचे हॅम्प्टन विद्यापीठ) थेट गिलाव्यावर टेंपेरा रंगांत केलेले द कॉन्ट्रिब्यूशन ऑफ द निग्रो टु डेमॉक्रसी इन अमेरिका (१९४३) हे भित्तिचित्र. उंची सुमारे १२ फूट, रुंदी सुमारे १७ फूट. क्रिस्पस ॲटक्स व पीटर सेलम हे स्वातंत्र्यलढ्यातील वीर. गुलामांच्या उठावांचे नेते डेन्मार्क व्हेझी व नॅट टर्नर. डग्लस, बुकर टी. वॉशिंग्टन, कार्व्हर, आणि गायकांपैकी पॉल रोबसन, मारियन अँडरसन व लेडबेली अशी ही मांडणी काळाच्या क्रमाने जात नाही. सर्व पिढ्या एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून, यंत्राच्या अजस्र भागांभोवती दाटलेल्या आहेत. पार्श्वभूमीला मोकळी जागा जवळजवळ नाहीच. देहांचे भाग सपाट, कोनदार पृष्ठांत तोडलेले असून त्यात घनवादाची व मेक्सिकन भित्तिचित्रांची दोन्ही वळणे दिसतात. हातांचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले आहे. हॅम्प्टनमधील विद्यार्थी जॉन बिगर्स यांनी या कामात मदत केली आणि आकृत्यांसाठी बैठकही दिली. पुढे तेही नामांकित भित्तिचित्रकार झाले. अमेरिकन भित्तिचित्रकलेच्या इतिहासात या भिंतीला जे स्थान मिळायला हवे होते ते अनेक दशके मिळाले नाही. शासकीय इमारतींतील भित्तिचित्रांवर जेवढे लिहिले गेले, त्यामानाने कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातील हे काम दुर्लक्षित राहिले.

शेवटचे भित्तिचित्र शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्यावरील असून ते लॉस अँजेलिसमधील त्यांच्याच नावाच्या ग्रंथालयासाठी १९७८ मध्ये केले.

आजारपण व मेक्सिको

१९४४ मध्ये लष्करात भरती झाल्यावर पूरनियंत्रणाच्या कामावर असताना क्षयाची लागण झाली आणि दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. फुप्फुसांचे दुखणे पुढे जन्मभर सुटले नाही. परांचीवर उभे राहून महिनोन्‌महिने गिलाव्याशी झुंजण्याचे काम त्यानंतर अवघड झाले. रेखाटनाकडे वळण्याचे हे एकमेव कारण नव्हे, पण ते गौण मानणेही योग्य नाही. १९४६–४७ मध्ये व्हाइट व कॅटलेट मेक्सिकोत होते. तेथे सिकेरोस, रिव्हेरा या भित्तिचित्रकारांचा सहवास लाभला आणि लिओपोल्दो मेंदेस यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ताय्येर दे ग्राफिका पॉप्युलार या मुद्राचित्रशाळेत त्यांनी काम केले. सामान्य माणसाला परवडतील अशी चित्रे मोठ्या संख्येने छापून वाटण्याचा या शाळेचा परिपाठ व्हाइट यांना पटला. कॅटलेट यांच्यापासून घटस्फोट झाला. त्या मेक्सिकोतच स्थायिक झाल्या. १९५० मध्ये फ्रान्सिस बॅरेट यांच्याशी दुसरा विवाह. दोन दत्तक मुले.

कोळसा व रेखाटन

१९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या एसीए गॅलरीत व्हाइट यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. १९५० च्या दशकात त्यांनी घनवादी तोडणी सोडली आणि ते भरीव, वास्तवदर्शी आकृतीकडे आले. हार्वेस्ट टॉक (१९५३) हे या वळणाचे प्रातिनिधिक चित्र, कोळसा, वोल्फ कार्बन पेन्सिल व ग्रॅफाइट यांत केलेले, सुमारे २६ × ३९ इंच आकाराचे. शेतात दोन पुरुष उभे आहेत. एक लांब दांड्याच्या विळ्याला धार लावतो आहे. नजर खालून वर नेल्यासारखी आकृत्यांची मांडणी असल्याने मध्यम आकाराच्या कागदावरही त्या भिंतीएवढ्या वाटतात. ये शॅल इनहेरिट द अर्थ (१९५३) या कोळशाच्या चित्रात मूल कवेत घेतलेली स्त्री आहे.

त्यांची काम करण्याची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. कोळसा कागदावर सैल बसतो, बोटाने किंवा कापडाने पसरतो, खोडरबराने उचलता येतो. त्यामुळे मोठे छायाभाग झपाट्याने घालता येतात, पण खोल काळा येत नाही आणि कड धूसर राहते. कार्बन पेन्सिल कोळशापेक्षा दाट, चकाकी नसलेला काळा देते व तिला टोक काढता येते. व्हाइट यांनी दोन्हींची सांगड घातली. आधी कोळशाने घनता उभी करायची, मग कार्बन पेन्सिलने एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांचे जाळे विणत चेहरा, बोटांची पेरे, कापडाच्या चुण्या घट्ट करायच्या. कृष्णवर्णीय त्वचेच्या छटा दाखवण्यासाठी ही रीत फार मोलाची ठरली. चित्रकलेत अशी त्वचा बहुधा एकसाची सावली म्हणून रंगवली जात असे. व्हाइट यांच्या चित्रांत तिच्यावर प्रकाश खेळतो. रंग वगळण्यामागे आणखी एक व्यावहारिक हिशेब होता. काळे-पांढरे चित्र स्वस्तात आणि फारसे न बिघडता छापता येते. १९५३–५४ च्या सुमारास मासेस अँड मेनस्ट्रीम या डाव्या नियतकालिकाने त्यांच्या सहा रेखाटनांचा संच कामगारांना परवडेल अशा रीतीने छापला. पुढे कॅलेंडरे, नियतकालिके व ध्वनिमुद्रिकांची वेष्टने यांतून ही चित्रे घरोघर गेली. त्यांच्या डाव्या चळवळीतील सहभागाचे स्वरूप चरित्रकार वेगवेगळे सांगतात.

फुप्फुसांना मानवणारी हवा मिळावी म्हणून १९५६ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला गेले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी केलेल्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्यावरील बर्मिंगहॅम टोटेम (१९६४) हे शाई व कोळशातील चित्र जवळजवळ ६ फूट उंच आहे : मोडक्या लाकडांचा ढीग आणि त्याच्या माथ्यावर ओळंबा हाती घेऊन वाकलेला मुलगा. मारल्या गेलेल्यांचे देह न दाखवता पुन्हा बांधणाऱ्याचे हत्यार दाखवणे, हा निर्णय या चित्राला त्या काळातील निषेधचित्रांहून वेगळ्या उंचीवर नेतो. एमिल झोला यांच्या प्रसिद्ध पत्राचे नाव घेतलेली जाक्यूझ ही कोळशाची चित्रमालिका १९६५–६६ मधली. तिच्यातील एक चित्र एबनी मासिकाच्या ऑगस्ट १९६६ च्या स्त्रीविशेषांकाच्या मुखपृष्ठावर आले.

१९६९ पासूनच्या वाँटेड पोस्टर मालिकेत त्यांनी पळालेल्या गुलामांना पकडण्यासाठी व गुलामांच्या विक्रीसाठी निघणाऱ्या जुन्या जाहिरातपत्रकांचा आधार घेतला. घड्या पडून चुरगळलेल्या कागदाचा भास निर्माण करून त्यावर समकालीन स्त्री-पुरुष व मुलांचे चेहरे रेखले. येथे कोळशाची जागा पातळ केलेल्या तैलरंगाच्या एकरंगी, तपकिरी थरांनी घेतली. याच तंत्रातले ब्लॅक पोप (१९७३) न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

मुद्राचित्रे

लिनोकट, शिलामुद्रण व अम्लरेखन या तिन्ही पद्धतींत काम. साउंड ऑफ सायलेन्स (१९७८) हे शिलामुद्रित चित्र विशेष परिचित.

अध्यापन व प्रभाव

१९६५ पासून मृत्यूपर्यंत ते लॉस अँजेलिसच्या ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रेखाटन शिकवीत. डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, केंट ट्विचेल व जुडिथ हर्नांडेझ हे त्यांचे विद्यार्थी. मार्शल यांनी शाळकरी वयात एका पुस्तकात व्हाइट यांच्याविषयी वाचले होते आणि पुढे ओटिसमधील त्यांची चित्रशाळा प्रत्यक्ष पाहिल्यावर तेथेच शिकायचे ठरवले. विद्यार्थ्यांची चित्रे गुरूच्या चित्रांसारखी दिसत नाहीत. हॅमन्स यांनी स्वतःच्या देहाचे ठसे कागदावर उमटवले, ट्विचेल व हर्नांडेझ यांनी शहराच्या भिंती रंगवल्या.

नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनवर १९७२ मध्ये निवड झाली. हेन्री ओसावा टॅनर यांच्यानंतर हा मान मिळालेल्या मोजक्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी ते एक. त्यांच्या रेखाटनांचा इमेजेस ऑफ डिग्निटी हा संग्रह १९६७ मध्ये निघाला. त्याची प्रस्तावना गायक हॅरी बेलाफॉन्टे यांची आहे. अमूर्त चित्रणाचा जोर असलेल्या दशकांत समीक्षकांनी त्यांना बोधवादी ठरवून बाजूला ठेवले होते. जन्मशताब्दीनिमित्त २०१८–१९ मध्ये शिकागो, न्यूयॉर्क व लॉस अँजेलिस येथील प्रमुख संग्रहालयांत सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. लॉस अँजेलिस येथे निधन. अल्टाडीना येथील एका उद्यानाला व ओटिसच्या जुन्या आवारातील प्राथमिक शाळेला त्यांचे नाव दिले आहे.