पाळणाघर ही दया नव्हे, कष्टकरी आईचा हक्क आहे

अंगणवाडीचा इतिहास आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापासून सांगितला जातो. ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीतच राहिल्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. दलित वस्तीतली लेकरे बालवाडीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच पुढे आली. या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण इतिहास इथेच थांबवला, की अंगणवाडी म्हणजे कुणीतरी आपल्या लेकरांवर केलेले उपकार वाटू लागतात. या प्रश्नाला दुसराही इतिहास आहे आणि तो मजुरीच्या हक्काचा आहे. त्यात बाबासाहेब आहेत, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे आहेत आणि वऱ्हाडच्या जिनात राबलेल्या आपल्या आज्या-पणज्या आहेत. तो आपण नाही सांगितला तर कोण सांगणार?

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत भाव आला. रेल्वे आली. अमरावती, बडनेरा, अकोला, खामगाव इथे जिन-प्रेस उभे राहिले. शेतात कापूस वेचायला बाया आणि जिनात रेच्यावर कापूस टाकायलाही बायाच. त्यांत आपल्या समाजाच्या बाया मोठ्या संख्येने होत्या. तान्हे लेकरू सोबत न्यायचे आणि कापसाच्या धुळीत झोळीत निजवायचे, नाहीतर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर द्यायचे. लेकरू दिवसभर निजून राहावे म्हणून अफू देण्याची चाल त्या काळच्या कामगार वस्त्यांत होती. मुंबईच्या गिरणी कामगार बायांच्या १९२० च्या दशकातल्या पाहणीत तिची नोंद आहे. ती आई काही निर्दय नव्हती. तिच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

१९३४ च्या कारखाने कायद्यात या लेकरांचा उल्लेख आला. ५० पेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला मिळाला. पण त्याच कायद्याने जिन-प्रेस 'हंगामी कारखाने' ठरवले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा, हंगामीत ६०. म्हणजे वऱ्हाडच्या बाईला काम जास्त आणि संरक्षण कमी.

या काळात बाबासाहेब काय म्हणत होते? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मूल ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हा विचार त्यांनी धर्मादायाच्या नव्हे तर कायद्याच्या भाषेत मांडला.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता, पण चळवळ इथे पोचली होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन, असे ठराव तिथे झाले. मित्रांनो, ठरावांची भाषा बघा. त्यात मदतीची याचना नाही, कामगार म्हणून केलेली मागणी आहे.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत खाणीतल्या बायांसाठी प्रसूती लाभाचा कायदा सुधारला गेला आणि खाणीवर पाळणाघर ठेवण्याची जबाबदारी मालकावर आली. १९४६ मध्ये त्याचे नियमही आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही अट ३० वर आली.

पण खरी मेख या आकड्यात आहे. मालकाने बाया तीन ठेकेदारांत वाटल्या की आकडा भरत नाही. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर असा 'कारखाना'च नाही. पुढे कायदे बदलले, संहिता आल्या, पण आकड्याची अट कायम राहिली.

आता संविधानाकडे या. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शिक्षणाच्या कलमात 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असे शब्द घालावेत, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येणार नाही, मग ते शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून आलेल्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुले होती, शून्य ते सहाचीसुद्धा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण फक्त ६ ते १४ वयासाठी. सहाच्या आतले लेकरू मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. त्याच्यासाठी न्यायालयात मागता येईल असा हक्क संविधानात आला नाही.

मग उरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रात धारावीबरोबर निवडले गेले ते अमरावती जिल्ह्यातले धारणी. म्हणजे ही योजना आपल्या जिल्ह्यात पहिल्या दिवसापासून आहे. तरीही अंगणवाडी काही तासच चालते आणि मजुरीचा दिवस सकाळी निघून सांजवेळी संपतो. मधल्या तासांत लेकराला कोण बघते? थोरली बहीण. ती शाळा बुडवते. आम्ही अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत काम करतो तेव्हा शाळेतून गळालेल्या मुलींच्या कडेवर धाकटे भावंड दिसते. पाळणाघर नसण्याची किंमत दोन पिढ्या मोजतात. आणि कॉलनीत दुसऱ्यांची लेकरे सांभाळणाऱ्या आईची स्वतःची लेकरे रस्त्यावर असतात, यात जात नाही असे कोण म्हणेल?

केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. आमची मागणी साधी आहे. मजुरांच्या प्रत्येक वस्तीत अंगणवाडी मजुरीच्या वेळेइतकी चालावी. मात्र हा भार सेविका आणि मदतनीस यांच्यावर फुकट टाकू नये. त्याही आपल्याच बाया आहेत. डिसेंबर २०२३ पासून त्यांनी महाराष्ट्रात ५२ दिवस संप केला, तो आपल्या चळवळीने आपला मानायला हवा होता.

आणि एक हत्यार आजही हातात आहे. १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. तेव्हा या जयंतीला डीजेच्या वर्गणीसोबत एक वहीही घ्या. विहाराच्या पायरीवर बसून वस्तीतली सहाच्या आतली मुले मोजा. त्यांची आई किती वाजता निघते आणि किती वाजता परतते, तेही लिहा. अंगणवाडी नसेल तर ती मागा, असेल तर तिचे तास वाढवून मागा. अर्जावर आयांच्या सह्या घ्या, पोच घ्या आणि तारखेचा हिशेब ठेवा.

सुलोचनाबाईंनी १९४२ मध्ये मागणी केली होती, विनंती नव्हे. आपणही तेच करू.

जय भीम!