हुंगायचं की टोचायचं?

गेल्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. बीपीची गोळी कुठली, दात हलतो का, असं विचारता विचारता मधेच म्हणाल्या, "गाडी लागते का हो तुम्हाला?" आई म्हणाली, "घाट आला की लिंबू हुंगत बसते." मला वाटलं, पेशंटला मोकळं करायला गप्पा चालल्यात. मग आईनेच विचारलं, "मला हुंगायला देणार की टोचणार?" मीही लगेच घुसलो (हापिसातली सवय!), "त्यातलं सुरक्षित कुठलं आणि स्वस्त कुठलं?" मॅडम हसल्या. "नुसत्या औषधावरून नाही सांगता येत. पेशंट कोण, ते आधी बघावं लागतं."

हे उत्तर मला टाळाटाळ वाटलं. म्हणून विकांताला भुलेचा इतिहास वाचायला बसलो.

सुरुवात हुंगण्यापासून. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवून रुग्णाला झोपवलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरच्या गाठीचं ऑपरेशन केलं. पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. रुमालावर थेंब टाका, नाकाशी धरा, झालं. ना यंत्र, ना फारसा खर्च! पण २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. आधी काय थांबतं, श्वास की हृदय? भांडण सुरू झालं ते कित्येक दशकं चाललं.

गंमत म्हणजे या भांडणाचा एक मोठा अंक हैदराबादेत घडला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, फक्त श्वासावर लक्ष ठेवा. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशाने दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'तर्फे लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पण १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचा ताल अचानक बिघडून ते थांबू शकतं. टेस्टिंग भरपूर, पण नेमकी हीच केस सुटलेली. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. फरक इतकाच, की आमच्याकडे माणूस मरत नाही.

आता टोचण्याकडे वळू. इथे मला आवडलेला माणूस म्हणजे विस्कॉन्सिनचे राल्फ वॉटर्स. १९२४ साली त्यांनी रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइममध्ये शोषून उरलेला वायू पुन्हा हुंगवायची पद्धत मांडली. एक मोठं कारण खर्चाचं, वायू वाया जाऊ नये! आणि मार्च १९३४ मध्ये शिरेतून थायोपेंटल देणारेही पहिले तेच. तीन महिन्यांत मेयो क्लिनिकच्या लंडी यांनीही ते वापरायला घेतलं. मास्क नाही, गुदमरणं नाही, अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप.

मग आलं ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर. तिथे बॉम्बपेक्षा थायोपेंटलने जास्त माणसं मारली अशी दंतकथा आहे. नंतरच्या तपासणीत ती बरीच फुगवलेली निघाली. पण तिच्या मुळाशी असलेला धोका खरा आहे. रक्त गेलेल्या माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं. हे औषध त्या सैल करतं, हृदयालाही मंदावतं. धडधाकट माणसाला चालणारा डोस त्याला झेपत नाही.

१९५६ साली हॅलोथेन आलं, न पेटणारं. १९७० मध्ये मान्यता मिळालेलं केटामाइन सहसा बीपी पाडत नाही. स्वस्त आहे आणि भुलेचं यंत्र नसेल तिथेही चालतं. १९८६ मध्ये प्रोपोफॉल आलं, दुधासारखं पांढरं. १९९६ पासून वय-वजन घालून त्याचा डोस स्वतः ठरवणारे पंपही आले. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. वायूचं प्रमाण दर उच्छ्वासात मोजता येतं. शिरेतल्या औषधाचं रक्तातलं प्रमाण मात्र पंप मोजत नाही, गणिताने अंदाज करतो. सलाईनची नळी निसटली तरी पंप आपला आकडा दाखवत राहणार! म्हणून हाताकडे आणि मॉनिटरकडे बघणारं माणूस लागतंच.

आणि खर्च? वायूचा खर्च बराचसा यंत्राचा प्रवाह किती ठेवला यावर ठरतो, म्हणजे वॉटर्सचीच युक्ती. काही खर्च बिलात दिसतच नाहीत. डेसफ्लुरेन हा वायू हवेला इतका तापवतो, की युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या वापरावर, अगदी गरज असेल तेवढं सोडून, बंदी घातली. उलट २००४ साली छापलेल्या, ५ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात वायूऐवजी प्रोपोफॉल दिलं तर ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसला. उलट्या होत राहिल्या तर घरी जाणं लांबतं, आणि तो खर्च औषधाच्या किमतीत कुठेच लिहिलेला नसतो.

इथे माझी ट्यूब पेटली. बायका, सिगारेट न ओढणारे आणि गाडी लागणारे, यांना ऑपरेशननंतर उलट्या जास्त होतात. आई तिन्हीत बसते. घाटातलं लिंबू म्हणजे गप्पा नव्हत्याच!

आईला सगळी भूल शिरेतूनच दिली होती. मॅडमनी नंतर सांगितलं, की सुरुवातीला बीपी थोडं खाली आलं, तसं त्यांनी औषध हळू केलं. संध्याकाळी आई शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य बोलली, "चहा मिळेल का रे?"

चहा दुसऱ्या दिवशी मिळाला. उलटी एकही नाही. बिलात भुलेची फक्त एक ओळ होती. ती बघून या वेळी मी काही बोललो नाही.